समुद्राकडून मागितलेली जमीन : बॅक बे योजनेच्या दोन अपयशांचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा यशाचीच एखादी कथा लिहावी, असे प्रथम मनात आले. स्मरणिकांचा तो प्रघातच आहे आणि तो योग्यही आहे. मंदिराचे शिखर पूर्ण झाले, वसतिगृहाचे उद्घाटन झाले, ग्रंथालयाची इमारत उभी राहिली, या घटनांची कृतज्ञतापूर्वक नोंद व्हायलाच हवी. तथापि, जे पूर्ण झाले त्याच्या कोनशिलेवर नावे कोरली जातात आणि जे अर्धवट राहिले त्याची नोंद कोणीही ठेवीत नाही, हेही तितकेच खरे. जोत्यापर्यंत येऊन वर्षानुवर्षे थांबलेली बांधकामे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. ती का थांबली, याची चर्चा घरात होते, लग्नसमारंभात होते; सभेच्या इतिवृत्तात मात्र क्वचितच होते.

म्हणून या लेखात एका फसलेल्या प्रकल्पाचा इतिहास सांगण्याचे ठरविले. हा प्रकल्प एकदा नव्हे, दोनदा फसला. जागा तीच होती, मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील बॅक बे. हेतूही तोच होता, समुद्रात भराव घालून जमीन निर्माण करणे. पहिल्या अपयशाच्या केंद्रस्थानी आपल्याच समाजातील एक अत्यंत कर्तबगार पुरुष होता. त्यांच्या दातृत्वाचा अभिमान आपण आजही बाळगतो, परंतु त्यांच्या जीवनातील ही दुसरी बाजू आपल्या व्यासपीठांवरून फारशी सांगितली जात नाही. दोन्ही अपयशांची अधिकृत चौकशी झाली, त्यामुळे त्यांची कारणे केवळ ऐकीव गोष्टींवर अवलंबून नाहीत.

शेठ प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेच्या ओसवाल जैन कुटुंबात झाला. कुटुंब मुंबईत आले, तेथे प्रेमचंदांनी इंग्रजी शिक्षण घेतले आणि तरुण वयातच ते दलालीच्या व्यवसायात शिरले. इंग्रज व्यापाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलू शकणारे देशी दलाल त्या काळी फार थोडे होते. स्मरणशक्ती, बाजाराची जाण आणि दिलेला शब्द पाळण्याची ख्याती या भांडवलावर त्यांनी तिशी ओलांडण्यापूर्वीच शेअर आणि कापूस या दोन्ही बाजारांत अग्रस्थान मिळविले.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील राज्यांची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखून धरली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद पडला. गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. गुजरात, खानदेश आणि वऱ्हाड येथील कापसाचे भाव कित्येक पटींनी वाढले. कापूस पिकविणाऱ्या मुलखात गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याची वर्णने त्या काळच्या लिखाणात आढळतात. अतिशयोक्ती वगळली तरी पैसा किती आणि कसा आला असेल, याची कल्पना त्यावरून येते.

आलेला पैसा कोठे गुंतवावा, हा प्रश्न होता. आज कापसाचा व्यापारी गिरणी काढील किंवा जमीन घेईल. परंतु मुंबईत गिरण्यांचा उद्योग अजून बाल्यावस्थेत होता आणि जमीन तर मोजकीच होती. शहर तीन बाजूंनी समुद्राने वेढलेले, लोकसंख्या वाढती आणि जागेचे भाव गगनाला भिडलेले. तेव्हा समुद्रातूनच जमीन काढावी ही कल्पना पुढे आली आणि ती मुळात चुकीची मुळीच नव्हती. ज्या मुंबईत आपण आज वावरतो, तिचा मोठा भाग अशाच भरावाने तयार झालेला आहे. त्यातच बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे १८६४ च्या अखेरीस ग्रँट रोडपर्यंत पोहोचत होती आणि तिला पुढे कुलाब्याकडे जाण्यासाठी जागा हवी होती. रेल्वेला जागा मिळेल, सरकारला खर्च पडणार नाही आणि उरलेली जमीन विकून कंपनीला नफा होईल, असा तिन्ही बाजूंनी लाभाचा विचार मांडला गेला. त्यातून बॅक बे रेक्लमेशन कंपनी जन्माला आली आणि तिच्यामागील प्रमुख शक्ती प्रेमचंद रायचंद हे होते.

येथून पुढे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. कंपनीच्या ज्या शेअरवर ५,००० रुपये भरलेले होते, त्याचा भाव चढत चढत ५०,००० रुपयांपर्यंत गेला. त्या वेळी समुद्रात किती भराव पडला होता? जवळजवळ काहीच नाही. कोणत्या खोलीवर कोणता तळ लागेल, भिंत कोठून जाईल, दगड आणि माती कोठून आणायची, एक एकर जमीन तयार करण्यास किती खर्च येईल, या प्रश्नांची पक्की उत्तरे कोणापाशीही नव्हती. पण बाजारात ती कोणी विचारीतही नव्हते. शेअर घेणाऱ्यास जमीन नको होती. त्याला तो शेअर आठ दिवसांनी दुसऱ्याला अधिक भावाने विकायचा होता. जमीन कधी तयार होणार, याची चिंता करणारा एकही धनी त्या प्रकल्पाला उरला नाही. भागधारक हजारो होते, पण मालक म्हणावा असा कोणी नव्हता.

सरकारही या ओघातून अलिप्त राहिले नाही. मुंबई सरकारसाठी ४०० शेअर राखून ठेवण्यात आले होते. प्रांतिक सरकारने अशा कंपनीत भागीदार होऊ नये, अशी भूमिका हिंदुस्थान सरकारने घेतली, तेव्हा ते शेअर जाहीर लिलावाने विकण्यात आले आणि मूळ रकमेच्या कित्येक पट भाव मिळाला. वस्तुतः वरिष्ठ सरकारने पाऊल मागे घेतले हीच धोक्याची सूचना होती. बाजाराने मात्र तिचा अर्थ नेमका उलटा लावला. लिलावात एवढा भाव आला, त्या अर्थी कंपनी किती भक्कम असेल, असे लोक म्हणू लागले.

जानेवारी १८६५ पर्यंत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. या सर्वांच्या केंद्रस्थानी बँक ऑफ बॉम्बे ही सरकारी भागभांडवल असलेली, १८४० साली स्थापन झालेली प्रतिष्ठित बँक होती. तिच्या मूळ कायद्यात कर्ज देण्यावर कडक बंधने होती. १८६३ च्या नव्या कायद्याने ती सैल करण्यात आली आणि कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज देण्याचा मार्ग मोकळा झाला. शेअरचा भाव वाढला की त्यावर कर्ज मिळे, त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात आणि त्यामुळे भाव पुन्हा वाढे. कित्येकदा तर केवळ वैयक्तिक हमीवर रकमा दिल्या गेल्या. बँकेच्या कारभारात प्रेमचंदांचा शब्द चालत असे. कोणाला किती शेअर द्यावयाचे हे ते ठरवीत, त्यामुळे त्यांच्या दारी सकाळपासून गर्दी जमत असे.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. ही बातमी मुंबईत येताच कापसाचा भाव कोसळला. पण खरा आघात पुढेच होता. शेकडो वायदे व्यवहारांची पूर्तता १ जुलै १८६५ या दिवशी व्हायची होती. त्या दिवशी देणारा देऊ शकला नाही आणि घेणारा घेऊ शकला नाही. एकेकाळी ५०,००० रुपयांचा भाव असलेला बॅक बेचा शेअर २,००० रुपयांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांवरून ८७ रुपयांपर्यंत घसरला. बॅक बे कंपनी बुडाली, तिच्याबरोबर इतर कंपन्या आणि बँका बुडाल्या आणि असंख्य कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांत सट्टेबाज होते, तसे विधवांचे पैसे सांभाळणारे, निवृत्त नोकर आणि लहान दुकानदारही होते. १८६८ मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बे बंद करावी लागली.

सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १८६८ साली बँकेच्या बुडण्याची चौकशी केली. आयोगाने कारणमीमांसा केली, ती आजही वाचण्यासारखी आहे. बंधने काढून टाकणारा कायदा, त्या मोकळिकीचा गैरवापर करणारे चिटणीस आणि आपले काम न करणारे संचालक अशी ती कारणे होती. काळ असाधारण होता हेही आयोगाने मान्य केले, परंतु त्यास एकमेव कारण मानले नाही. संचालकांना दोष देताना त्यांनी पैसे खाल्ले असा तो दोष नव्हता. जे त्यांनी विचारायला हवे होते ते विचारले नाही, हा तो दोष होता. सभेस उपस्थित राहून, समोर आलेल्या कागदावर सही करून, मोठ्या माणसाच्या शब्दाला मान देऊन ते घरी गेले. संस्थांचा कारभार पाहणाऱ्या कोणालाही हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

प्रेमचंद रायचंद यांच्याविषयी आपण काय म्हणावे? सर दिनशा वाच्छा त्या काळात तरुण होते आणि त्यांनी तो सर्व उत्पात डोळ्यांनी पाहिला. पुढे १९१० साली त्यांनी मुंबईच्या या आर्थिक प्रकरणावर पुस्तक लिहिले आणि १९१३ मध्ये प्रेमचंदांचे चरित्रही लिहिले. आपल्याकडे मात्र दोनच टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाला ते केवळ दानवीर वाटतात, तर दुसऱ्याला केवळ सट्टेबाज. प्रस्तुत लेखकाला दोन्ही मते अपुरी वाटतात. त्यांची बुद्धी असामान्य होती, दानतही असामान्य होती. त्यांना ‘थांबा’ म्हणू शकेल असा एकही माणूस त्यांच्याभोवती उरला नव्हता, हे त्यांचे दुर्दैव आणि शहराचेही. ज्याच्या शब्दावर बँक चालते, त्याला बँकेचा चिटणीस प्रश्न विचारीत नाही. संपत्ती गेल्यानंतरही ते खचले नाहीत. त्यांनी पुन्हा व्यवसाय उभा केला आणि १९०६ मध्ये निधन होईपर्यंत ते व्यापारी जगतात व समाजकार्यात मान राखून राहिले, हेही येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल.

आता याच माणसाचे त्याच वर्षातील दुसरे काम पाहा. १८६४ मध्ये प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. राजाबाई वृद्धापकाळी दृष्टिहीन झाल्या होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम घड्याळाच्या ठोक्यांमुळे पाळता यावा म्हणून हा मनोरा बांधला गेला, अशी आख्यायिका आहे. तिच्या सत्यासत्यतेत न शिरता एवढे म्हणता येईल की, ती आपल्या घराघरांत प्रेमाने सांगितली जाते.

१८६५ मध्ये बॅक बे कंपनी गेली, प्रेमचंदांची संपत्ती गेली, पण मनोरा गेला नाही. याची कारणे अगदी साधी आहेत. दान आकड्यात बोललेले नव्हते, ते दिलेले होते आणि विद्यापीठाच्या हाती होते. ते कोणत्याही शेअरच्या भावावर अवलंबून नव्हते. काम हाती घेण्याची घाई झाली नाही. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये आराखडे केले. ते स्वतः मुंबईस कधीही आले नाहीत, परंतु त्यांच्या आराखड्यांप्रमाणे येथील अभियंत्यांनी काम केले. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. दान आणि पूर्तता यांत चौदा वर्षे गेली. एखाद्या संस्थेत एवढा विलंब झाला तर कार्यकारिणीवर टीका होईल. पण त्या चौदा वर्षांत मुंबईतील कितीतरी घाईच्या योजना जन्मल्या आणि विस्मृतीत गेल्या.

बोली आणि भरणा यांतील हे अंतर आपल्याला नवे नाही. प्रतिष्ठेच्या प्रसंगी उत्साहाने चढावे बोलले जातात, टाळ्या पडतात, आकडा फलकावर लिहिला जातो आणि त्या आकड्यावर विसंबून कंत्राटदाराला काम दिले जाते. रक्कम येण्यास दोन वर्षे लागली की काम थांबते, भाव वाढतात, मूळ अंदाजपत्रक निरर्थक ठरते. जुन्या जाणत्या विश्वस्तांचा दंडक असे की, निम्म्याहून अधिक रक्कम पेढीवर जमा झाल्याखेरीज कुदळ मारायची नाही. तो दंडक कंजूषपणाचा नव्हता. शिवाय एका खात्याचे द्रव्य दुसऱ्या खात्यात वापरायचे नाही, ही आपली जुनी शिस्त बँक ऑफ बॉम्बेच्या संचालकांनी पाळली असती, तर कदाचित जॅक्सन आयोगाची गरजच पडली नसती.

पहिल्या अपयशानंतर सरकारने कंपनीचे अर्धवट काम ताब्यात घेतले. किनाऱ्यालगतचा एक चिंचोळा पट्टा तेवढा तयार झाला आणि त्यावरून रेल्वे पुढे कुलाब्यापर्यंत नेण्यात आली. उरलेला समुद्र समुद्रच राहिला.

अर्धशतक लोटले. पहिले महायुद्ध संपले तेव्हा मुंबई पुन्हा तेजीत होती. युद्धकाळात गिरण्यांनी अमाप नफा मिळविला होता, घरभाडी भडकली होती आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने दाटीवाटीच्या वस्त्यांतील हाल उघड केले होते. डिसेंबर १९१८ मध्ये सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर म्हणून आले. ते तरुण, तडफदार आणि काम करून दाखविण्याची ईर्षा असलेले प्रशासक होते. त्यांनी जुनी बॅक बे योजना पुन्हा वर काढली. या वेळी कंपनी नको, सरकारच काम करील, असे ठरले. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. चौपाटीपासून कुलाब्यापर्यंत १,१४५ एकर जमीन समुद्रातून काढावयाची, असा संकल्प होता. त्याच खात्याकडे गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचे कामही सोपविण्यात आले. खर्चासाठी विकास कर्ज उभारले गेले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसविण्यात आली.

सट्टा नव्हता, शेअर नव्हते, अभियंते विलायतेतील नामांकित होते. मग हे काम का फसले? १८६५ चे अपयश लोभाचे होते, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु प्रामाणिक हेतूने, सरकारी देखरेखीखाली, तज्ज्ञांच्या हातून झालेले काम का फसते, हे समजून घेणे अधिक अवघड आहे आणि आपल्यासारख्या संस्थांना तेच अधिक लागू पडते. आपल्या संस्थांत लोभ विरळाच असतो, घाई मात्र पुष्कळ असते.

योजनेचा अंदाज सर जॉर्ज बुकॅनन या अनुभवी बंदर अभियंत्याने दिला आणि मीक अँड बुकॅनन ही त्यांचीच पेढी सल्लागार म्हणून नेमली गेली. म्हणजे ज्याने अंदाज केला, त्यालाच तो तपासून पाहण्याचे काम आले. कामाची रीत अशी ठरली होती. समुद्रात दगडाची लांब भिंत घालावयाची. बंदराच्या बाजूने म्हणजे शहराच्या पूर्वेस ड्रेजरने तळाचा गाळ उपसावयाचा आणि तो लांब नळांतून कुलाब्याची जमीन ओलांडून पश्चिमेस भिंतीच्या आत आणून सोडावयाचा. मुख्य ड्रेजरला गव्हर्नरांचेच नाव देण्यात आले. कागदावर ही रचना सुबक होती. परंतु बंदराच्या तळाशी कोणत्या प्रतीची माती किती खोलीपर्यंत आहे, याची पुरेशी तपासणी झाली नव्हती. ड्रेजर ताशी किती माती उपसेल याचा जो आकडा धरला होता, तो प्रत्यक्षात मिळाला नाही. भिंतीसाठी कांदिवलीच्या खाणीतून रेल्वेने आणावयाचा दगड वेळेवर आणि ठरलेल्या खर्चात मिळेना. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे, भिंत दगडांच्या राशीची असल्याने तिच्या फटींतून आत सोडलेला गाळ पुन्हा समुद्रात वाहून जाऊ लागला. एका बाजूने पैसे खर्चून गाळ आत आणावयाचा आणि दुसऱ्या बाजूने भरती-ओहोटीने तो बाहेर न्यावयाचा, असा प्रकार सुरू झाला.

या प्रत्येक अडचणीची कल्पना आधी येऊ शकली असती. थोडी भिंत बांधून, थोडा गाळ सोडून एक पावसाळा पाहिला असता तर फटींचा दोष उघड झाला असता. बंदराच्या तळाला जागोजागी छिद्रे पाडून मातीचे नमुने घेतले असते तर ड्रेजरचा आकडा सुधारता आला असता. त्यासाठी वर्ष-दोन वर्षे लागली असती. पण तेजीचा काळ निघून जाईल, ही भीती होती. गव्हर्नरांची मुदत पाच वर्षांची होती, हेही विसरून चालणार नाही. ज्याच्या कारकिर्दीत पायाभरणी होते, त्याच्याच कारकिर्दीत उद्घाटन व्हावे, ही इच्छा माणसाला स्वाभाविक आहे. समुद्राला आणि इमारतीला मात्र कार्यकारिणीच्या मुदतीचे वेळापत्रक ठाऊक नसते.

ऑगस्ट १९२० मध्ये योजना कायदेमंडळापुढे आली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार निवडून आलेले नवे, अधिक प्रातिनिधिक मंडळ अवघ्या काही महिन्यांनी, १९२१ च्या आरंभी अस्तित्वात येणार होते. प्रश्न विचारू शकणारे लोक सभागृहात येण्यापूर्वी निर्णय होऊन गेला होता. पुढे त्यांनी प्रश्न विचारले तेव्हा, काम एवढे पुढे गेल्यावर आता मागे कसे फिरायचे, हे उत्तर तयार होते. हे उत्तर आपण कितीदा ऐकले असेल! फसणाऱ्या प्रत्येक कामात एक वेळ अशी येते की, झालेला खर्च हेच पुढील खर्चाचे समर्थन बनते.

तेजी तर लवकरच ओसरली. १९२२ नंतर गिरण्यांचा नफा घटला, जमिनीचे भाव उतरले आणि जी जमीन विकून खर्च भरून निघणार होता, तिला गिऱ्हाईक मिळण्याची चिन्हे दिसेनात. खर्चाचे अंदाज मात्र चढतच राहिले. लोकांनी या योजनेला ‘लॉइड्स फॉली’, म्हणजे लॉइडसाहेबांचा वेडेपणा, असे नाव दिले.

त्या वेळी खुर्शेद फ्रामजी नरिमन या पारशी वकिलाने हा विषय हाती घेतला. ते कायदेमंडळाचे सभासद होते. आकडे, निविदा, ड्रेजरची कामगिरी यांचा चिकाटीने अभ्यास करून त्यांनी खात्यावर उघड आरोप केले. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. विख्यात अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तिचे एक सभासद होते. समितीने अंदाजातील आणि कामातील दोष स्पष्ट केले. दरम्यान, खात्यातील एक अधिकारी हार्वे यांनी नरिमन यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला. तो दीर्घकाळ चालला आणि नरिमन निर्दोष सुटले. सहा वर्षे ज्या प्रश्नांना सभागृहात उत्तर मिळत नव्हते, ते न्यायालयात विचारले गेले तेव्हा मात्र उत्तरे द्यावी लागली.

समितीनंतर झालेला निर्णय या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. योजना आठ विभागांत आखलेली होती. ती सर्वच रेटून नेण्याचा हट्ट सोडण्यात आला आणि सर्वच टाकून देण्याची लाजही पत्करली गेली नाही. उत्तरेकडील पहिले दोन आणि दक्षिणेकडील सातवा व आठवा असे चार विभाग पूर्ण करावयाचे आणि मधले चार सोडून द्यावयाचे, असे ठरले. १,१४५ एकरांच्या जागी सुमारे ४४० एकर जमीन तयार झाली. सातवा विभाग लष्कराला विकण्यात आला. कामगारांच्या ५०,००० खोल्यांचा संकल्पही आटोपता घेण्यात आला. नायगाव, वरळी, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. बीडीडी चाळी म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. त्या चाळींत वाढलेल्या पिढ्यांना आपल्या घराच्या नावातील तीन अक्षरे कोठून आली, हे क्वचितच ठाऊक असते.

पहिल्या दोन विभागांवर पुढे मरीन ड्राइव्ह आकाराला आला. १९३० च्या दशकात त्याच्या काठाने नव्या धाटणीच्या इमारतींची रांग उभी राहिली. १९३७ साली त्याच भरावाच्या जमिनीवर ब्रेबर्न स्टेडियम खुले झाले. म्हणजे ज्या योजनेची टर उडविली गेली, तिचाच काटछाट केलेला भाग आज शहराचे भूषण समजला जातो. लॉइडसाहेबांची कल्पना चुकीची होती, असे त्यामुळे म्हणता येत नाही, जसे प्रेमचंदांची कल्पनाही चुकीची म्हणता येत नाही. दोघांचीही चूक मापाची होती. आणि दुसऱ्या वेळी ती अधिक अक्षम्य होती, कारण पहिल्या वेळचे अहवाल दप्तरात उपलब्ध होते. पन्नास वर्षांपूर्वीचे अपयश हे लोभी दलालांचे होते, आपण तसे नाही, या समजुतीने ते कोणी उघडून पाहिले नसावेत.

येथे आपल्या संस्थेपुरते एक सुचवावेसे वाटते. गेल्या पन्नास वर्षांच्या इतिवृत्तांच्या वह्या कार्यालयात आहेतच. त्यांतून, सोडून दिलेल्या ठरावांची एक यादी करावी. कोणता ठराव का सोडला, अंदाज किती होता, रक्कम किती जमली, विरोध कोणी आणि कोणत्या शब्दांत नोंदविला होता, एवढेच लिहावे, कोणालाही दोष न देता. नव्या बांधकाम समितीच्या पहिल्या बैठकीत ती यादी वाचून दाखवावी. आणि ज्यांनी त्या वेळी विरोध नोंदविला होता त्यांच्यापैकी जे हयात असतील, त्यांना त्या बैठकीस अगत्याने बोलवावे.

बॅक बेचे सोडून दिलेले मधले विभाग पुढे स्वातंत्र्योत्तर काळात, १९६० आणि १९७० च्या दशकांत काही अंशी भरण्यात आले. तेथे उंच कार्यालयीन इमारती उभ्या राहिल्या आणि त्या भागाला नाव मिळाले ते लॉइडसाहेबांचे नव्हे, बुकॅनन यांचेही नव्हे. ज्याने योजनेतील दोष चव्हाट्यावर आणले आणि त्यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे पत्करले, त्या नरिमन यांचे नाव मिळाले. नरिमन पॉइंट हा शब्द रोज लाखो लोक उच्चारतात.

ज्या रेल्वेसाठी १८६४ मध्ये हा सारा खटाटोप सुरू झाला, तिची चर्चगेट ते कुलाबा ही शाखा १९३० च्या अखेरीस, दुसऱ्या भरावाच्या कामामुळेच बंद झाली आणि रूळ उखडले गेले. आज ओव्हल मैदानावर उभे राहिले असता पूर्वेस राजाबाई मनोरा दिसतो आणि पश्चिमेस १९३० च्या दशकातील घरांची ओळ दिसते. मैदानाच्या या दोन्ही बाजूंना २०१८ साली युनेस्कोने एकत्रितपणे जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.